मेणातलं भांडण

शहरात राहायला जायचं की नाही, हे ठरवायला कवळीबाईंना तीन दिवस मिळाले होते. दिले कुणी? तर ज्यांचं आधीच ठरलं होतं त्यांनी. नवरा वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला तो महिनाभर सांगत होता, "आता आमचे इथे थोडेच दिवस हं." पंधरा वर्षांच्या लेकीने मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं, आणि रडून झाल्यावर शहरासाठी नवे बूटही मागितले होते. नणंदेने तर शहरातल्या सगळ्यात मोठ्या दातांच्या लॅबमध्ये शब्दही टाकून ठेवला होता. एवढं सगळं उरकल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिला ती नोकरी करायची आहे तिला विचारायचं राहूनच गेलं.

"अगं, जाऊन बघून तर ये," नवरा म्हणाला. "बघायला काय जातं?"

"तीन दिवस जातात," कवळीबाई कडाडल्या. "चार कवळ्या अर्धवट पडल्यात माझ्या. चार माणसं पातळ खिचडीवर दिवस काढतायत गावात. त्यांना जाऊन सांगा, बघायला काय जातं म्हणून!"

पण गेल्या. कारण खरं सांगायचं तर त्यांनाही बघायचं होतं.

कवळीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे एकोणीस वर्षं बसून त्यांनी अर्ध्या गावाला दात बसवले होते, आणि खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. डॉक्टर तोंडाचं माप घेत, प्लास्टरचा जबडा मागच्या खोलीत येई, आणि कवळीबाई गुलाबी मेणात एकेक दात लावत. मेणातली कवळी आधी माणसाच्या तोंडात घालून बघायची, चुकलं असेल तिथे दात हलवायचा, आणि मगच ती पक्की करायची. इथवर सगळेच करतात. कवळीबाई त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट करत, जी त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्या माणसाशी भांडण काढत.

त्याचं असं झालं. अगदी सुरुवातीला त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी केली. खुर्चीत बसून सर हसले, एक ते शंभर आकडे म्हणाले, सफरचंद खाऊन दाखवलं, सगळं झकास. आठ दिवसांनी कवळी रुमालात बांधून परत आली. मुलाशी वाद घालताना, अगदी ऐन रंगात, सरांचे वरचे दात ताटात पडले होते आणि जिंकत आलेला वाद ते हरले होते. तेव्हा कवळीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यात माणसाचं तोंड पाहुण्यासारखं वागतं. घरी ते वेगळंच उघडतं. तेव्हापासून मेणाची कवळी बसवली की त्या कमरेवर हात ठेवून सुरू होत. "काय हो, सुनेला साधा चहा जमत नाही असं गावभर सांगत फिरता म्हणे! लाज नाही वाटत?" माणूस आधी गांगरायचा, मग पेटायचा. एकदा पेटला की कवळीबाई बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात डोकावत. "हां, बोला, बोला! डावी दाढ उचलतेय. ते 'नालायक' पुन्हा एकदा म्हणा बरं."

हळूहळू गावात नियमच पडून गेला, की मेणात बोललेलं मनावर घ्यायचं नाही. पक्के दात घातल्यावर पुन्हा सगळे सभ्य. खुद्द सासूबाईंनी मेणाचे दात घालून कवळीबाईंना अर्धा तास असं काही सुनावलं होतं, की डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. बारा वर्षांचं साठलेलं होतं ते. नणंद तेव्हा माहेरी आलेली. ती हसून हसून भिंतीला टेकून खालीच बसली. पुढे सासूबाई चार वर्षं त्या दातांनी फुटाणे खात होत्या, आणि त्या अर्ध्या तासाचा विषय ना त्यांनी काढला ना सुनेने.

तर गुरुवारी संध्याकाळी कवळीबाई त्याच नणंदेच्या दारात उभ्या राहिल्या. वन्सं बावीस वर्षं शहरात होत्या. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायच्या. दर वर्षी गावी येताना दोन्ही हातांत खाऊच्या पिशव्या आणि जिभेवर शहराचं कौतुक. आमचा सातवा मजला, आमच्याकडे काय वारा, आमच्याकडे दिवे कधी जात नाहीत, आमच्याकडे हवं ते दारात मिळतं. ग्रंथपाल ताईचं हे सगळं तोंडाचा आ करून ऐकायचा.

वारा होता, नाही असं नाही. समोरच्या इमारतीच्या एसीचा होता, आणि चांगला गरम होता. खिडकीतून हात बाहेर काढला तर त्या इमारतीच्या भिंतीला लागत होता. दीड खोली. त्यातल्या अर्ध्या खोलीला वन्सं 'आतली खोली' म्हणत. तिथे पलंग टाकला की दार लागत नव्हतं, आणि दार लावायचं तर आधी पलंगावर चढायला लागत होतं. ओटा म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेत ठोकलेली एक फळी. कवळीबाईंनी सगळं पाहिलं आणि पाहुण्या माणसाने करावं तसं तोंड मिटून घेतलं.

"आतली खोली तुमची हो," वन्सं म्हणाल्या. "हवं तितके दिवस राहा. तुझंच घर आहे. पुढे सावकाश बघा जागा. भावाला आणि तुला मी काय परकी?"

कवळीबाईंना भरून आलं. बाई बोलते मोठं, पण माया आहे, असं वाटलं. तेवढ्यात जेवायला बसल्या आणि त्यांची नजर गेली. वन्सं तोंडापुढे हात धरून जेवत होत्या. पोळी, भाजी काहीच नाही, नुसता वरणभात, तोही न चावता. आणि 'स' म्हटला की बारीक शिट्टी वाजत होती.

"वन्सं, कवळी कधी केलीत?"

वन्संचा हात तोंडावर घट्ट बसला. "दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत? घरातच मी, हेच माझ्या हातचं काम, आणि तुम्ही..."

"अगं, शहरात राहून गावाकडून दात मागवायचे? लोक काय म्हणतील?"

कवळीबाईंना राग आला, पण पहिलाच दिवस होता. "वरची पट्टी ढिली आहे तुमची," त्या एवढंच म्हणाल्या. "उद्या बघते मी."

"बघ बाई," वन्सं म्हणाल्या, आणि उरलेला भात त्यांनी पाठ फिरवून खाल्ला.

शुक्रवारी सकाळी कवळीबाई लॅबमध्ये पोचल्या. दोन बस बदलून, त्यातली दुसरी एका पायावर उभं राहून. लॅब मात्र बघत राहावी अशी. पांढरीशुभ्र, थंडगार, आणि मधोमध ते यंत्र. एका बाजूने पांढरा ठोकळा आत टाकायचा, अकरा मिनिटांत दुसऱ्या बाजूने दाढ बाहेर, सगळ्या खाचाखोचांसकट. ज्या खाचा कोरताना कवळीबाईंना चष्म्याचा नंबर तीनदा बदलावा लागला होता, त्या अकरा मिनिटांत! खोटं कशाला बोला, त्या यंत्रावरून त्यांची नजर हटेना. पगार तिप्पट. लेकीला हवं असलेलं कॉलेज त्याच रस्त्यावर. गावात आहे काय तिच्यासाठी? सगळं चांगलं चांगलं उचलून एकाच ठिकाणी नेऊन ठेवायचं आणि मग आत यायचे पैसे लावायचे, ही कुठली पद्धत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तरी मनातल्या मनात त्यांनी 'हो' म्हणून टाकलं होतं.

मग व्यवस्थापकाने त्यांची जागा दाखवली. तरुण होता, बोलायला गोड.

"मॅडम, तुमच्याकडे खालच्या दाढा."

"म्हणजे?"

"खालच्या दाढा लावायच्या. वरच्या या मॅडम लावतात. पुढचे सहा दात ते पलीकडचे. दिवसाला साठ होतात आरामात."

"आणि पेशंट कुठे बसतो?"

"पेशंट?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पेशंट इथे कशाला येईल?"

"मेणातली कवळी घालून बघायला नको?"

"ते त्यांचे डॉक्टर बघतात. वाटलं तर. आपल्याकडे नुसता नंबर येतो." त्याने एक डबी पुढे सरकवली. आत प्लास्टरचा जबडा, झाकणावर सहा आकडी नंबर. तोच नंबर कवळीच्या आतल्या बाजूला उमटवायचा.

कवळीबाईंनी वरचा जबडा खालच्यावर ठेवून पाहिला आणि त्यांचं कपाळ आक्रसलं. "हे माणूस माप देताना जबडा पुढे काढून चावलंय. घाबरलं असणार बिचारं. याच्यावर कवळी केली तर बसायची नाही. परत बोलवा त्यांना."

"मॅडम, आलं तसं करायचं."

"अहो, पण नाही बसणार ही!"

"नाही बसली तर परत येईल. परत आली की नवा नंबर."

"आणि परत नाहीच आली तर?"

"तर मग बसली," व्यवस्थापक शांतपणे म्हणाला. "विचार करून उद्या कळवा, मॅडम. रांग आहे."

कवळीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या शांतपणे! एखादा माणूस ओरडून खोटं बोलला तर त्याला ओरडून उत्तर देता येतं. याला काय द्यायचं? त्या दोन बस बदलून परत निघाल्या. वाटेत यंत्राने आणि पगाराने एका बाजूने ओढलं, त्या डबीने दुसऱ्या बाजूने. उतरल्या तेव्हाही त्यांचं नक्की होत नव्हतं. चला, निदान राहण्याची चिंता नाही, वन्संनी घर दिलंय, लॅब नको तर दुसरं काम बघता येईल, एवढा विचार करत त्या जिन्याशी आल्या. तिथे जागांचा एजंट भेटला.

"तुम्हीच का सातव्या मजल्याच्या अर्ध्या भाड्याच्या?"

"कसल्या?"

"अहो, तुमच्या नणंदबाईंनी सांगितलंय ना. भाडं वाढलं, एकटीला झेपत नाही, भाऊ-भावजय अर्धं भरणार. उद्या चारला येतो करार घेऊन. तीन वर्षांचा आहे, मध्ये सोडता येत नाही. वेळेवर या, मागे लोक थांबलेत."

सात मजले कवळीबाई चालत चढल्या. लिफ्ट होती, पण रागाला लिफ्टची सवय नव्हती. दार ढकललं. वन्सं फळीवर भाजी चिरत होत्या.

"वन्सं! अर्ध्या भाड्याची बाई आलीय. या, ओवाळायला या!"

वन्सं चमकून वळल्या.

"तुझंच घर म्हणे! हवं तितके दिवस राहा म्हणे! माझा नवरा तिकडे पाठीमागे चार माणसं जमवून ताईचं कौतुक करतोय, आणि ताईने त्याचा भाव ठरवून ठेवलाय! तीन वर्षं बांधून घालणार होतात आम्हाला, आणि सांगणार कधी? सही करताना? काही वाटतं का जिवाला?"

आता दुसरं कुणी असतं तर रडलं असतं किंवा शिव्या दिल्या असत्या. वन्संनी मात्र एक क्षण भावजयीकडे निरखून पाहिलं, हात पुसले, स्टूल ओढून उजेडात घेतलं, त्यावर ताठ बसल्या आणि तोंड उघडलं.

"हो, बोलावलं!" त्यांचा आवाज असा लागला, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "भाड्यासाठी बोलावलं! मग काय करू? सहा वर्षं एकटीच्या पगारात ही दीड खोली ओढतेय. दर वर्षी मालक भाडं वाढवतो, दर वर्षी मी एक एक गोष्ट कमी करते. आधी पेपर बंद केला, मग फळं, मग रात्रीचं जेवण. आणि ती चौकशीची खिडकी? कसली खिडकी! दीड वर्ष झालं मला तिथून उठवून. 'बाई, तुम्ही शस्त्रक्रिया म्हणालात की लोक हसतात.' तळघरात बसते मी, फायली लावते. उजेड नाही, माणूस नाही. आणि गावाला येताना त्या पिशव्या आणते ना मिरवत, त्याच्या आधी दोन महिने एक वेळ जेवते मी!"

"मग सांगायचं होतंत!" कवळीबाई ओरडल्या. "आम्ही काय मेलो होतो?"

"काय सांगू? बावीस वर्षं सांगतेय की किती छान आहे! आता परत येऊन काय सांगू? तुम्ही इथे आलात ना, की माझं खरं ठरणार होतं. भाडं गेलं खड्ड्यात. निदान तुम्ही आलात तर मी एकटी मूर्ख ठरले नसते!"

कवळीबाईंनी उत्तर द्यायला श्वास घेतला. उत्तर तयार होतं, आणि ते चांगलं तिखट होतं. पण एकोणीस वर्षांची सवय वाईट. 'ठरणार'ला वन्संची वरची पट्टी सुटून खाली येत होती, आणि कवळीबाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "उजवीकडे घासतेय."

"हां! तिथेच! तिथेच टोचतं मला!" वन्सं एकदम खुशीत म्हणाल्या. "काय गं पण भांडतेस तू! मला तर क्षणभर खरंच वाटलं. ते एजंटचं तुला कुणी सांगितलं? छान शोधून काढलंस हो. आईच्या वेळीही असंच कुठून कुठून उकरून काढलं होतंस." त्यांनी कवळी काढून भावजयीच्या हातावर ठेवली. त्यांचे गाल लाल झाले होते आणि डोळे ओले होते, पण किती वर्षांनी त्या मोकळ्या दिसत होत्या.

कवळीबाईंच्या अंगातलं वारंच गेलं. वन्संना वाटलं होतं की ही दातांची तपासणी चालली आहे. म्हणून तर त्या इतकं बोलल्या. नियमाप्रमाणे बोलल्या. आता खरं सांगावं तर कसं, आणि न सांगावं तर कसं? त्यांनी गुपचूप कवळी धुतली, पिशवीतली कानस काढली आणि ती खिडकीशी नेली. आतल्या बाजूला सहा आकडी नंबर होता.

ही दोन वर्षांत परत आली नव्हती. म्हणजे त्या व्यवस्थापकाच्या लेखी ही बसली होती!

कवळीबाईंनी उजवी कड घासून दिली. वन्संनी कवळी घातली, पोळीचा तुकडा मोडून चावून पाहिला, आणि मग त्याच म्हणाल्या, "मघाचं मनावर घेऊ नकोस हं. मेणातलं होतं ते."

"तुमचं होतं," कवळीबाई म्हणाल्या. "माझं नव्हतं, वन्सं. मला एजंट खाली भेटला. मी खरीच भांडत होते."

वन्संनी हातातली पोळी खाली ठेवली. "म्हणजे मी तुला हे सगळं... आणि तू ऐकून घेतलंस?"

"थांबवायला हवं होतं मी. चुकले."

"चुकलीस! कुणाच्या घरात शिरून कपाट उघडावं तसं केलंस तू! मी भावाला नाही सांगितलं, यजमानांच्या फोटोला नाही सांगितलं, आणि तुला सांगून बसले, का तर माझे दात बघतेस म्हणून!" त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लावायला पलंगावर चढावं लागलं, तरी त्यांनी चढून दार लावलं.

शनिवारी सकाळी कवळीबाईंनी लॅबला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पलीकडून "ओके मॅडम" आलं आणि फोन बंद. एकोणीस वर्षांच्या हाताला एवढीच किंमत! मग नवऱ्याला फोन केला.

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलोय!" ग्रंथपाल कळवळला.

"तुमच्या घराण्यालाच ही खोड दिसतेय," कवळीबाई म्हणाल्या. "आता ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना त्यांना परत सांगा. आणि लेकीला मी आल्यावर सांगेन. तिचं कॉलेज बुडणार नाही, वसतिगृहात ठेवू, काय वाटेल ते करू. पण तीन वर्षं या भिंतीला हात लावून मी बसणार नाही." लेक पुढे काय काय बोलेल हे त्यांना माहीत होतं, आणि त्यातलं निम्मं बरोबर असेल हेही माहीत होतं. यंत्र तर डोळ्यांपुढून हलतच नव्हतं. त्यामुळे राग आणखीच येत होता.

वन्संनी चहा दिला तो कप आपटून. आपली सही नाही म्हणजे वन्संची जागा गेली, हे कवळीबाईंना दिसत होतं. चार वाजत आले तशा त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

एजंट वेळेवर आला. त्याच्या मागे जिन्यात एक तरुण जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर तान्हं मूल.

"हे कोण?" कवळीबाईंनी विचारलं.

"हे असेच. तुमचं नाही जमलं तर म्हणून."

"आणा तो कागद," वन्सं म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि बावीस वर्षांत कधी वाचला नव्हता तो करार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एजंट घड्याळ बघत राहिला. दुसऱ्या पानावर वन्सं थांबल्या.

"हवेशीर खिडकी, असं लिहिलंय इथे. या इकडे. या हो! हात काढा बाहेर. काढा! लागली ना भिंत? ही हवेशीर? आणि दोन स्वतंत्र खोल्या? त्या आतल्या खोलीचं दार लावून दाखवा मला. खाली उभं राहून लावा, पलंगावर न चढता! सहा वर्षं दर वर्षी पैसे वाढवलेत ते कशाचे? भिंत जवळ आली त्याचे?"

"बाई, सही करणार की नाही तेवढं बोला."

"ही करणार नाही. मीही करणार नाही. महिनाअखेर सोडतेय मी जागा."

"वन्सं," कवळीबाई पुढे झाल्या, "आपण नीट बसून..."

"तू गप्प राहा. तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये." आणि मग एजंटकडेच बघत त्या म्हणाल्या, "हिला सांगा, गावात माझ्यासाठी एक खोली बघून ठेव म्हणावं. भावाच्या घरात राहणार नाही मी. स्वतःची बघायची, आणि खिडकीबाहेर हात लांब केला तर काही लागता कामा नये."

एजंटला यातलं काहीही ऐकण्यात रस नव्हता. त्याने दाराकडे वळून हाक मारली, "या हो, आत या. मोकळी झाली."

जोडपं आत आलं. बाई एका हाताने मूल सावरत दुसऱ्या हाताने ओट्याची फळी विती वितीने मोजायला लागली. मग आतल्या खोलीत डोकावली. मग खिडकीशी गेली. "अहो, बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली, "केवढी मोठी आहे!"

कवळीबाईंना राहवेना. "अगं बाई, नको घेऊ ही," त्या तिच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "ऐक माझं. हा वारा नाही, एसीची वाफ आहे. बाळाच्या अंगावर घामोळं उठेल. भाडं दर वर्षी वाढतं आणि तीन वर्षं सुटता येत नाही. माझ्या नणंदेने फळं बंद केली, जेवण बंद केलं या जागेपायी. तुम्ही दोघं अजून लहान आहात. दुसरीकडे बघा. काही झालं तरी इथे सही करू नका!"

बाईने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. बोलणाऱ्या कवळीबाईंकडे पाहिलं, डोळे पुसणाऱ्या वन्संकडे पाहिलं. मान डोलावली. मग नवऱ्याला कोपरखळी मारून बाजूला घेतलं आणि त्याच्या कानाशी लागली. पण दीड खोलीत बाजू ती कुठली असणार? सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"करा हो पटकन सही. या बाईंना स्वतःलाच हवीय जागा."

नवऱ्याने घाईघाईने सही केली, आणि मूल आपल्याकडे घेऊन पेन तिच्या हातात दिलं.